साहेबांचं नाक

कोणतीही वस्तू हातात पडली की साहेब ती आधी नाकाशी न्यायचे. "थांबा," म्हणायचे, "वास काय म्हणतो ते ऐकू." आणि मग समोरचा माणूस कितीही वाचाळ असो, गप्प बसायचा. घोंगडी असो, चपलेचं कातडं असो, गुळाची ढेप असो, नाहीतर नुसता मातीचा माठ असो. साहेब ती वस्तू दोन्ही हातांत धरून एक लांब श्वास घ्यायचे, आणि तो श्वास सोडायची त्यांना कसलीच घाई नसायची. चांगला वास घेताना माणूस डोळे मिटतो, हे तुम्हीही पाहिलं असेल. साहेब मिटत नसत. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

आमच्याकडे ते उद्योगांचे विस्तार अधिकारी होते. आता भोर आणि वेल्हे हे काय उद्योगांचे तालुके? भात, नाचणी, हिरडा आणि मुंबईला गेलेली कर्ती माणसं, एवढंच आमचं भांडवल. पण इथंही धंदे निघावेत असं सरकारला वाटलं, त्यासाठी लोकांना कर्ज द्यायचं ठरलं, आणि ते कुणाला द्यावं हे बघायला साहेब आले. वेल्ह्याच्या जागेवर यायला कुणी तयार होईना, म्हणून भोरबरोबर वेल्हेही त्यांच्याच गळ्यात मारलं होतं. मी विंझरला ग्रामसेवक. साहेब आले की त्यांना वाड्यावस्त्यांवर हिंडवायचं काम माझ्याकडे, आणि ते मी कुरकुरत करायचो. सरकारी नोकरीत कुरकुर केली नाही तर लोकांना संशय येतो.

त्यांच्या नाकाचा दबदबा मोठा होता. एकदा नसरापूरकडचा एक गोडबोल्या मसाल्याची पुडी घेऊन आला. माझ्या आईचा हात, आजीची कृती, अमकं नि तमकं. साहेबांनी पुडी नाकाशी धरली, बराच वेळ धरली, आणि परत दिली. म्हणाले, "मसाला उत्तम आहे. पण तुमचा नाही." गडी पांढराफटक पडला. पुडी पुण्यातल्या दुकानातली निघाली. तेव्हापासून लोक म्हणायला लागले की या माणसाला खोटेपणाचासुद्धा वास येतो. मीही म्हणायला लागलो. आपल्या साहेबाचं कौतुक सांगताना आपलीही उंची बोटभर वाढतेच.

बाजाराच्या दिवशी एसटीत सुकट-बोंबलाची पाटी असायची. तिच्या शेजारची जागा कुणी घेत नसे. उभं राहणं परवडलं, म्हणत. साहेब मात्र गाडीत शिरले की सरळ त्या पाटीशेजारी जाऊन बसायचे आणि पाटीवाल्या मावशींशी गप्पा मारत विंझरपर्यंत यायचे. आम्ही चावडीवर म्हणायचो, केवढ्या मोठ्या मनाचा माणूस! एवढं तिखट नाक असून तोंड वाकडं करत नाही. मावशी तर त्यांच्यासाठी जागा धरून ठेवायच्या. ती धरावी लागत नव्हती, ही गोष्ट वेगळी.

आता धोंडिबाचं सांगतो. विंझरच्या वर डोंगराच्या अंगाला एक वाडी आहे, तिथला हा गडी. ते दिवस दारूबंदीचे, आणि धोंडिबाची हातभट्टी सगळ्या खोऱ्यात नावाजलेली. धाडी पडायच्या, पण भट्टी सापडायची नाही. सगळी वाडी एकमताने आंधळी व्हायची. शेवटी एकदा तो सापडलाच आणि तुरुंगाची हवा खाऊन आला. परत आला त्या दिवशी त्याच्या बायकोने, सगुणाबाईंनी, त्याला उंबऱ्यावरच उभं केलं. "पुन्यांदा भट्टी लावलीत," त्या म्हणाल्या, "तर म्या कामथडीला भावाकडं जाईन. आन् मग न्याया यिऊ नगा."

सगुणाबाई बोलल्या की करणाऱ्यांतल्या होत्या, हे धोंडिबाला माहीत होतं. त्याने भट्टी सोडली. आणि तो बसला. नुसता बसला. हात चालवायची सवय असलेला माणूस रिकामा बसला की किती केविलवाणा दिसतो! सगुणाबाईंनी विंझरच्या एसटी थांब्याजवळ चार मेढींवर गवत टाकून हॉटेल काढलं. हॉटेल म्हणजे एक चूल, एक किटली आणि भज्यांची परात. धोंडिबा तिथे कोपऱ्यात बसायचा आणि बाई भांडी घासताना त्यांच्याकडे बघायचा. संध्याकाळी बाई त्याचा हात हातात घ्यायच्या. लोकांना वाटायचं माया. पण त्या हात नाकाशी न्यायच्या. रोज. वास आला नाही की सोडून द्यायच्या.

साहेब पहिल्यांदा त्या हॉटेलात आले तेव्हा मी बरोबर होतो. भजी आली. मी एक तोंडात टाकलं आणि मला ते गिळताही येईना, थुंकताही येईना. तेल खवट झालेलं. साहेबांनी भजं उचललं, "थांबा, वास काय म्हणतो ते ऐकू," म्हणाले, आणि श्वास घेतला. बाई परातीपाशी उभ्या होत्या. साहेब म्हणाले, "झकास!" आणि सगळी बशी संपवली. मला वाटलं, गरिबाचं मन राखतात. देवमाणूस.

मग त्यांनी कोपऱ्यात पाहिलं. "हे कोण?"

"आमचं मालक," बाई म्हणाल्या.

"काय करतात?"

"काय न्हाई."

"काय येतं?"

धोंडिबाने मान खाली घातली. बाईच बोलल्या, "एकच गोष्ट येती त्यास्नी. आन् ती आता करायची न्हाई."

साहेबांना ते एकच काय ते मी कानात सांगितलं. मला वाटलं आता उठतील. उलट ते त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि विचारायला लागले. पिंप केवढं घेतोस? नळीचा सांधा कशानं लिंपतोस? वाफ गार करायला पाणी कुठलं? धोंडिबा आधी चाचरला. मग त्याचे हात हलायला लागले. कणकेने सांधा कसा लिंपायचा, जाळ किती ठेवायचा, घाई केली तर कसं बिघडतं. कित्येक महिन्यांत हा माणूस एवढं बोलला नसेल. बाई हातातलं फडकं तसंच धरून ऐकत उभ्या होत्या.

"धोंडिबा," साहेब म्हणाले, "पिंपात गूळ-नवसागर घालायच्या ऐवजी गवती चहा घातला तर?"

"तर च्या हुईल," धोंडिबा म्हणाला.

तेल होतं, असं साहेबांनी समजावलं. वाफेबरोबर तेल येतं आणि पाण्यावर तरंगतं. साबणवाले, अत्तरवाले ते विकत घेतात. वाडीच्या माळावर गवती चहा लावला तर शेळ्याही त्याला तोंड लावत नाहीत, म्हणजे राखणीची कटकट नाही. हॉटेलाला पत्रा, बाकडी, स्टो आणि माळावर तेलाची भट्टी, असा दोघांचा मिळून एकच अर्ज करू.

कर्ज मंजूर करणाऱ्या समितीत हसून हसून लोकांची पोटं दुखली. सरकारने हातभट्टीवाल्याला भट्टीसाठी कर्ज द्यायचं! एक सदस्य म्हणाले, "आज तेल काढील, उद्या काय काढील?" साहेब शांतपणे म्हणाले, "उद्या जास्त तेल काढील." शेवटी अर्धं कर्ज मंजूर झालं. अट अशी पडली की पुण्याहून मोठे साहेब येऊन भट्टी चालू असलेली बघतील. तेल दिसलं तर पुढचं अर्धं. नाही दिसलं तर सगळं रद्द, आणि हॉटेलाचा पत्रा, बाकडी, स्टो, सगळं जप्त.

सगुणाबाईंनी नवऱ्याला बजावलं, "माजं हाटेल तुमच्या भट्टीला बांदलंय. ध्यानात ठिवा." पत्र्याखाली त्यांचं दुकान एव्हाना चांगलं चालायला लागलं होतं. भज्यांचं तेलही बदललं होतं. एसटीचे ड्रायव्हर मुद्दाम गाडी जरा जास्त थांबवायचे. ते सगळं जाणार की राहणार, हे आता धोंडिबाच्या पिंपावर होतं.

मोठे साहेब आले. जीपमधून आम्ही वाडीवर निघालो. पुढे मोठे साहेब, मागे आमचे साहेब आणि मी. खालच्या वळणावर गाडीचा आवाज वर पोचला असेल, तोच कुणीतरी लांब शीळ घातली. मी काही मनावर घेतलं नाही. आता घ्यायला हवं होतं, असं म्हणायला काय जातं?

माळावर पोचलो तर भट्टी नाही! गवती चहा उभा, चुलीचे दगड जागेवर, पण पिंप नाही, नळी नाही, टाकी नाही, धोंडिबा नाही. शेळ्या राखणारे एक आजोबा होते. त्यांना मोठ्या साहेबांनी विचारलं, "इथली भट्टी कुठे आहे?"

"भट्टी?" आजोबांनी आभाळाकडे पाहिलं. "हितं कसली भट्टी न्हाई, सायेब. आमी माळकरी मान्सं."

"धोंडिबा कुठे राहतो?"

"ह्या नावाचं हितं कुनी न्हाई."

माळाला लागूनच्या घरात एक म्हातारी दारात तांदूळ निवडत बसली होती. ती म्हणाली, धोंडिबा मुंबईला गेला. तिची सून त्याच दमात म्हणाली, वारला. मी घसा फोडून सांगत होतो, अहो, हे दारूवाले साहेब नव्हेत, कर्जवाले साहेब आहेत! त्यावर म्हातारी माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मीच फितूर झालो होतो. वर्षानुवर्षं गिरवलेला धडा तो. जीप आली की भट्टी नाही म्हणजे नाही. ती आता सरकारचीच भट्टी आहे, हे कुणाच्या डोक्यात आलंच नाही.

मोठ्या साहेबांचा चेहरा लाल झाला. "तुम्ही कागदावर भट्ट्या लावता काय?" ते आमच्या साहेबांना म्हणाले. "निघू या. सगळं रद्द."  खाली विंझरला सगुणाबाई आमच्यासाठी पिठलं-भाकरी करत होत्या.

आमचे साहेब खाली वाकले. गवती चहाचं एक पातं तोडून त्यांनी चुरगाळलं आणि नाकाशी धरलं. "थांबा," म्हणाले, "वास काय म्हणतो ते ऐकू." आणि सगळी वाडी गप्प झाली. आजोबांपुढून, म्हातारीपुढून, दारादारांतल्या बायाबापड्यांपुढून साहेब सावकाश फिरले. एकदा इकडे वळून श्वास, एकदा तिकडे. मग ते थांबले आणि कारवीच्या जाळीतून थेट ओढ्याच्या घळीत उतरायला लागले. मागे मोठे साहेब, त्यांच्यामागे मी ठेचकाळत.

घळीत भट्टी होती. डहाळ्यांनी झाकलेली, धूर घळीबाहेर जाऊ नये अशी मांडलेली, आणि चालू! नळीच्या तोंडाशी बाटली, बाटलीत पाणी, पाण्यावर पिवळं तेल. धोंडिबा दिसेना. वर बघितलं तर उंबराच्या झाडावर एक धोतर.

"खाली उतर, धोंडिबा," साहेब म्हणाले. "आपलीच माणसं आहेत."

तो उतरला आणि रडकुंडीला आला. "सायेब, म्या माळावरच मांडली व्हती. पर उगड्यावर हातच चालंना. सम्दी बगत्यात. म्हनून हितं आनली. आन् जीप ऐकली तवा म्या न्हाई वो पळालो, पाय पळालं."

मोठ्या साहेबांनी बाटलीत बोट बुडवलं, हुंगलं, आणि त्यांचा लाल चेहरा हळूहळू जागेवर आला. सवयीने असेल, पण बोट त्यांनी तोंडाकडेही नेलं. "चाटू नगा, सायेब," धोंडिबा घाईने म्हणाला, "जीब भाजंल. ह्ये प्यायचं न्हाई." त्यावर मोठे साहेब जे हसले ते घळीत घुमलं. कर्ज पुरं झालं. अट एकच घातली, भट्टी माळावर, चारचौघांसमोर मांडायची. धोंडिबा असा लाजला की जणू त्याला रस्त्यावर आंघोळ करायला सांगितलं होतं.

मोठ्या साहेबांनी त्याला विंझरपर्यंत जीपमध्ये घेतलं. आणि इथे आमची चूक झाली. सरकारी जीपमध्ये बसून नवरा आला की त्याचा अर्थ काय, हे सगुणाबाईंना एकदा कळलेलं होतं. आम्ही लांबून पाहिलं, बाईंनी जीप पाहिली, जीपमध्ये धोंडिबा पाहिला, आणि वळून स्टो विझवला. आम्ही पोचेपर्यंत त्यांनी लुगड्याचं बोचकं बांधायला घेतलं होतं. पिठल्याचं भांडं तसंच उघडं. 

  साहेबांनी धोंडिबाचं मनगट धरलं आणि त्याचा हात बाईंच्या पुढे केला.

बाईंनी तो हात घेतला, रोजच्यासारखा. नाकाशी नेला. आणि बोचक्यावरच खाली बसल्या. तो हात त्यांनी सोडला नाही. किती वेळ तो तसाच तोंडाशी धरून त्या रडत होत्या, मग हसत होत्या, मग पुन्हा रडत होत्या. सगळ्या पत्र्याखाली गवती चहाचा वास सुटला होता. मी दुसरीकडे बघत होतो, कारण माझेही डोळे भरले होते. साहेब मात्र बाईंच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होते. मला ते जरा अशिष्ट वाटलं.

परतताना मी त्यांना म्हणालो, "साहेब, मानलं तुमच्या नाकाला."

ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "मला वास येत नाही हो."

मी हसलो. ते हसले नाहीत. लहानपणी मोठा ताप आला होता, त्यात गेला म्हणाले. तेव्हापासून फूल नाही, भाकरी नाही, पाऊस नाही, काहीच नाही.

"मग हे सगळं?"

"वास घेतो म्हटलं की माणूस बोलायचं थांबतो," ते म्हणाले. "आणि आपल्या वस्तूकडे बघतो. मी त्याच्याकडे बघतो. तेवढा वेळ मिळतो मला. आपल्या हातानं केलेल्या वस्तूकडे माणूस कसा बघतो, ते वेगळंच असतं. मसालेवाला पुडीकडे बघतच नव्हता, माझ्याकडे बघत होता."

"आणि घळ?"

"अहो, अख्खी वाडी सगळीकडे बघत होती. आभाळाकडे, चुलीकडे, शेळ्यांकडे. ओढ्याकडे कुणीही बघेना. मग मी ओढ्याकडे गेलो."

सुकटीच्या पाटीचा उलगडा मला तेव्हा झाला, आणि मी स्वतःवरच खूप हसलो.

ही गोष्ट पोटात ठेवणं मला जमण्यासारखं नव्हतं. पुढे एकदा मी ती सगुणाबाईंना सांगितली, मोठं गुपित फोडावं तशी. त्या भाकरी थापत होत्या. थापायच्या थांबल्यासुद्धा नाहीत. "मला पयल्या दिशीच कळलं," म्हणाल्या. "तेल खवाट व्हतं, माजं मला म्हाईत व्हतं. लाजंनं मेल्यावानी झालं व्हतं. तरी सायेब झकास म्हनालं. पर बगत व्हतं माज्या तोंडाकडं. म्या दुसऱ्या दिशी तेल बदाललं."

"मग कधी बोलला नाहीत?"

"कशापायी? त्येंचं चाललंय की झ्याक."

साहेबांची बदली झाली ती लांब, राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला. जाताना ते विंझरला उतरले नाहीत, एसटीच थांब्यावर थांबली. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, हे मी त्याचं कधी विसरणार नाही. साहेब सुकटीच्या पाटीशेजारी बसले होते. धोंडिबाने खिडकीतून तेलाची बाटली दिली, नव्या हंगामातली, चारचौघांसमोर माळावर काढलेली.

साहेबांनी बूच काढलं. सगळ्या गाडीत वास सुटला. मागच्या बाकावरची पेंगणारी माणसं माना वर करून बघायला लागली. एक म्हातारबाबा "आहाहा" म्हणाले. पाटीवाल्या मावशींनी सुद्धा डोळे मिटून घेतले. साहेबांनी बाटली नाकाशी नेली. "थांबा," म्हणाले, "वास काय म्हणतो ते ऐकू." आणि उघड्या डोळ्यांनी त्यांनी आधी धोंडिबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

सगुणाबाईंनी पदर तोंडावर घेतला होता.

"बाई," साहेब खिडकीतून म्हणाले, "पदर काढा. मला वास घेऊ द्या."

बाईंनी पदर काढला. साहेब बघत राहिले. मग ड्रायव्हरने गाडी सुरू केली.